पाव्हणं, कुठलं गाव?

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. मध्ये माईक बंद पडला तेवढा भाग गाळला आहे.)



"तुझ्या क्षेत्राबद्दल वीस मिनिटं बोल," असं संयोजकांनी मला सांगितलं. माझ्या आधी जे बोलले त्यांची क्षेत्रं सांगायला सोपी होती. कुणी डॉक्टर, कुणी साखर कारखान्यात, कुणी बँकेत. माझं सांगितलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग काळजीनं विचारतो, "म्हणजे मोबाईलवरचे गेम? मग काम काय करतेस?" तर काम असं, की मी गावं वसवते. पुण्यातल्या एका स्टुडिओत बसून कॉम्प्युटरच्या खेळातली गावं. घरं बांधणारे वेगळे असतात, झाडं लावणारे वेगळे. मी त्या गावात माणसं सोडते आणि ती दिवसभर काय करतील ते ठरवते. आमच्या घरी याला 'रिकामटेकड्यांची शिरगणती' म्हणतात.

सरांसाठी आधी हा खेळ काय असतो ते सांगते. पोरं गाडी पळवतात किंवा बंदूक चालवतात तो प्रकार वेगळा. हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ, रोल-प्लेइंग गेम. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ निघाला. चार मित्र टेबलाभोवती बसतात. एक जादूगार होतो, एक योद्धा, एक चोर. आणखी एक जण गोष्ट पुढं नेतो, आणि अडलं की फासे टाकायचे. पुढं तेच कॉम्प्युटरवर आलं. खेळणारा नायक होतो, रानोमाळ हिंडतो, राक्षस मारतो आणि दमला की गावात येतो. तलवार घ्यायची, जखमेला औषध घ्यायचं, कुणाचं काही अडलंय का ऐकायचं आणि परत वेशीबाहेर.

अडचण या गावातच आहे. ते नायकासाठी मांडलेलं असतं. लोहार चोवीस तास ऐरणीपुढं उभा. त्याला जेवण नाही, झोप नाही, सासुरवाडी नाही. तुम्ही गेलात की गाव थांबतं आणि सहा महिन्यांनी आलात की तोच लोहार तेच वाक्य बोलतो. २०११ साली आलेला 'स्कायरिम' हा फार गाजलेला आणि खरोखर सुंदर खेळ, पण त्यातले पहारेकरी एकामागून एक गुडघ्यात बाण लागल्याची तीच कहाणी सांगतात. त्यावर जगभर विनोद झाले.

यावर लोकांनी उपाय शोधले नाहीत असं नाही. आपण पाचवीत होतो तेव्हा, १९८८ साली, रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा' मालिकेतला पाचवा खेळ आला. त्यातली माणसं सकाळी उठतात, कामाला जातात, जेवतात, रात्री झोपतात. आज ऐकायला काहीच वाटत नाही, पण दुकानाशी गेलात आणि दुकानदार झोपलाय म्हणून दार बंद, हे खेळणाऱ्याला त्या काळी नवं होतं. १९९२ च्या सातव्या भागात तर पीठ घ्यायचं, पाण्यात कालवायचं, भट्टीत घालायचं की पाव होतो. त्या पावानं गोष्ट काही पुढं सरकत नाही. तरी लोक तासन् तास पाव भाजत बसले.

माझा सगळ्यात आवडता मात्र एक पोस्टमन आहे. २००० साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'मेजोराज मास्क' आला. त्यातल्या गावावर तीन दिवसांनी चंद्र कोसळणार असतो. तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा येतात आणि गावातलं प्रत्येक माणूस कोणत्या वेळी कुठं असतं हे तुम्ही वहीत टिपत जाता. हा पोस्टमन घड्याळाबरहुकूम टपाल वाटतो. शेवटच्या रात्री निम्मं गाव पळालेलं असतं. त्यालाही पळायचंय. पण पळून जाणं त्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून तो खोलीत तळमळत बसतो. हा पोस्टमन आपल्या शाळेच्या शिपाईमामांचा भाऊ शोभतो. वादळ येवो, पाहुणे येवोत, मामांची घंटा काही चुकली नाही.

आणि उलटंही होतं. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये माणसांना वेळापत्रकाऐवजी नुसती उद्दिष्टं देऊन पाहिली. एकाला सांगितलं पानं गोळा कर आणि त्याच्या हातात दाताळं दिलं. दुसऱ्याला सांगितलं रस्ता झाड आणि झाडू दिला. ठीक चाललं. मग चाचणी घेणाऱ्यांनी गंमत म्हणून दोघांच्या हातातली वस्तू बदलली. एकानं दुसऱ्याला ठार मारून आपली वस्तू परत मिळवली. त्याला काम माहीत होतं, शेजार माहीत नव्हता. "जरा दाताळं दे की" एवढं म्हणायला गाव लागतं.

आमच्याकडे नवीन मुलगा कामाला लागला की त्यानं आखलेल्या गावाबद्दल मी पहिल्यांदा विचारते, इथली भाकरी कुठून येते? त्यानं किल्ला काढलेला असतो, चौकात पुतळा असतो, हत्यारांची चार दुकानं असतात आणि पिठाची गिरणी एकही नसते. शेत तर नकाशाबाहेरच. मग मी त्याला कुरुंदवाड सांगते. कृष्णा आणि पंचगंगा शेजारी आहेत म्हणून काळी माती आहे. माती आहे म्हणून ऊस आहे, वांगी आहेत, भाजी आहे. भाजी आहे म्हणून पहाटे जयसिंगपूरकडं जाणारा टेम्पो आहे. ऊस आहे म्हणून दिवाळीनंतर बीडकडची माणसं बैलगाड्या घेऊन येतात आणि रानात कोप्या घालतात, म्हणजे वर्षातले काही महिने गावाची बोलीसुद्धा बदलते. पलीकडं वाडीला दत्ताच्या दर्शनाला लोक येतात म्हणून पेढ्याला, बासुंदीला दूध लागतं. इचलकरंजीला माग आहेत म्हणून इथली पोरं रात्रीच्या शिफ्टला जातात आणि सकाळी लोक कामाला निघतात तेव्हा ती झोपायला येतात. दुखणं आलं की मिरज. आणि पाणी जास्त झालं म्हणून तालुक्यातलं कितीतरी रान क्षारपड झालं, तेही याच साखळीत येतं. एक गाव मांडायला निदान चार गावं मनात असावी लागतात. भूगोलाच्या सरांनी हे आपल्याला फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. सर, तुमचे ते बाण मी अजून काढते, आता त्याचा पगार मिळतो.

इतिहासाचंही तसंच. इथं पटवर्धनांचं संस्थान होतं, १९४८ साली ते विलीन झालं, वाडा आणि घाट मागं राहिले. जुन्या गावात अशा वस्तू असतात की ज्यांचं मूळ काम संपलंय पण माणसं त्यांच्या कडेनं वागतात. संस्थानात घोडे शिकवणारे विष्णुपंत छत्रे बाहेर पडले आणि १८८० साली त्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली. खेळातल्या गावातून असं कुणी बाहेर जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तिथला पोरगा म्हातारा होईपर्यंत विहिरीपाशीच. खऱ्या गावात मात्र प्रत्येक घरामागं एक गेलेलं माणूस असतं, आणि त्याच्याबद्दल बोललं जातं. या मांडवात आज अशी गेलेली निम्मी मंडळी बसली आहेत. मीही त्यातलीच.

गेली तीन वर्षं आम्ही नदीकाठच्या एका गावाचा खेळ करतोय. नाव अजून ठरायचंय, त्यामुळं विचारू नका. जादू आहे, नदीच्या डोहात राहणारं एक जुनं भूत आहे, पण गाव कृष्णाकाठचं आहे. भारतातल्या वास्तू आणि दैवतं खेळात आणायचं काम याआधी झालेलं आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला, पहाडी चित्रशैलीत रंगवलेला. तो लढत पुढं जायचा खेळ, गावात राहायचा नाही. आणि २०१८ साली चेक लोकांनी 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये १४०३ सालातला त्यांचा मुलूख उभा केला, खऱ्या गावांसकट. त्यातलं राताये हे आपल्यापेक्षा लहान गाव आज जगभरातल्या पोरांनी गल्लीबोळासकट पाहिलेलं आहे. तेव्हा कुरुंदवाडसारखं गाव का नको, असं मी आमच्या बैठकीत म्हटलं, आणि ते गळ्यात आलं.

गळ्यात आल्यावर पहिलं भांडण झालं ते बोलण्यावरून. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडं तू, तुम्ही, आणि वर काका, मावशी, आक्का, तात्या, वहिनी. मी प्रत्येक माणसापुढं एक रकाना वाढवला, हा नायकाला काय म्हणतो? पहिल्या दिवशी सगळे म्हणतात, "पाव्हणं, कुठलं गाव?" हा नुसता प्रश्न नाही, ही चौकी आहे. उत्तर दिलं की माणूस तुमची सोयरीक शोधायला लागतो. चार दिवस राहिलात, कुणाचं दळण आणून दिलंत, की 'दादा' किंवा 'ताई' होतं. म्हातारी माणसं थेट 'लेकरा' म्हणतात. आणि तुम्ही काही वाईट वागलात तर कुणी शिव्या देत नाही. सगळे परत "अहो" म्हणायला लागतात. आमच्याकडं चाचणी घ्यायला आलेल्या एका मुलाला गावातल्या वहिनी अचानक "अहो" म्हणाल्या तेव्हा तो खेळ थांबवून विचारायला आला, "मी काय केलं?" मला त्या दिवशी बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आमच्या लेखकानं एका म्हातारीच्या तोंडचं "मी आलो, मी बसलो" सगळं सुधारून "आले, बसले" केलं होतं. तो पुण्याचा. आपल्याकडच्या बाया अशाच बोलतात हे त्याला पटायला एक आख्खा दिवस गेला. मी सगळे 'आलो' परत घातले. मी स्वतः आत्ता माईकवर 'आले-गेले' करतेय त्याकडं लक्ष देऊ नका, माईक बंद झाला की ऐका.

आणखी एक. खेळातली गावं बहुतेक पुरुषांनी आखलेली असतात, आणि ते दिसतं. खानावळ, दारूचा गुत्ता, हत्यारं, तालीम. पोरांना लहानपणी नदी, बंधारा आणि मैदान माहीत होतं. आम्हा मुलींना संध्याकाळी सातनंतर बाहेर सोडत नसत, पण कुणाच्या परसातून कुणाच्या परसात जाता येतं, नळाला पाणी कधी येतं, आणि गिरणीत डबा ठेवून किती वेळ बोलत उभं राहता येतं हे आम्हाला माहीत होतं. गावातली कुठलीही बातमी गिरणीत आधी येते. आमच्या खेळात रहस्य उलगडायचं असेल तर नायकाला गुत्त्यात जाऊन काही कळत नाही. दळणाचा डबा घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. या एका गोष्टीवरून आमच्या स्टुडिओत अजून दोन तट आहेत.

आता गावाच्या कॅलेंडरबद्दल, कारण ही गोष्ट मी परदेशी पाहुण्यांनाही सांगते आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो. आपल्या गावात पाच मशिदींत गणपती बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले आणि पंजे आणि गणपती शेजारी शेजारी बसले. पण असं का होतं? दोन्ही कॅलेंडरं चंद्राची. आपलं पंचांग दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूशी जुळवून घेतं. हिजरी सन घालत नाही, त्याचं वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणून मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. साधारण तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून परत भाद्रपदात येतो. आणि चंद्र तोच असल्यामुळं आला की नेमका जुळतो. नव्या चंद्रानं मोहरमचा महिना लागतो, लगेच चतुर्थीला गणपती, दहाव्याला ताजिये आणि मग अनंत चतुर्दशी. आपण दुसरी-तिसरीत होतो तेव्हा असंच झालं होतं. मध्ये आपली शाळा, लग्नं, नोकऱ्या, पोरांची शिक्षणं झाली, आणि चंद्र परत त्याच जागी आला.

कॉम्प्युटरला हे शिकवायला दोन ओळींचे दोन नियम लागतात. मी ते घातले. खेळातली वर्षं भराभर पुढं पळवली तर कुणीही न लिहिलेला प्रसंग आपोआप उगवतो, दोन मिरवणुका एकाच आठवड्यात एकाच रस्त्यावर. आमच्या प्रोग्रामरनं विचारलं, "मग आता काय व्हायचं? भांडण?" परदेशी खेळात इथं भांडणच घालतात, कारण त्यातून नायकाला काम मिळतं. मी म्हटलं, तारीख नियमानं येते, त्या तारखेला काय करायचं ते माणसं ठरवतात, आणि आमच्या गावानं ठरवलेलं आहे. तेव्हा खेळात दोन्हीकडचे म्हातारे एका कट्ट्यावर बसून आधी वेळा ठरवतात, आणि नायकाला मिळणारं काम एवढंच, की निरोप इकडून तिकडं पोचवायचा. कंटाळवाणं होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. निरोप पोचवताना पोरं धावत सुटतात.

आता पूर. २००५ चा आपण पाहिला, २०१९ चा पाहिला, २०२१ चा पाहिला. खेळात संकट म्हणजे आभाळ लाल होतं, राक्षस येतो आणि पाच मिनिटांत गाव जळतं. आपलं संकट पायऱ्या मोजत येतं. कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी तिच्यात शिरत नाही, फुग येते आणि पाणी मागं मागं सरकत रानात, मग गल्लीत येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात टीव्हीसमोर बसून राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. आत्याला फोन केला आणि फूट सांगायला लागले तर ती म्हणाली, "ते तुझं फूटबिट राहू दे. पाणी पाराला लागलंय." तिचं मोजमाप वेगळं होतं, आणि जास्त उपयोगाचं होतं. म्हणून आमच्या खेळात पडद्यावर पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी नाही. माणसांना विचारायचं. नावाडी पायरी सांगतो, शेतकरी बांध सांगतो, आक्का पार सांगते. तुम्ही ते जुळवायचं.

शिवाय एकच पाणी दोघांना दोन वाटतं. वाडीला पाणी देवळात चढून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणदारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा, लोक लांबून स्नानाला येतात. त्याच दिवशी खालच्या रानातला माणूस म्हशी सोडून वरच्या रस्त्याला नेत असतो. आणखी चढलं की देवाची उत्सवमूर्तीसुद्धा वर हलवतात. हे मी काही न बदलता घातलं. माझ्या आख्ख्या नोकरीत मी याहून चांगला प्रसंग लिहिलेला नाही, आणि हा मी लिहिलेलाच नाही.

खरं काम पूर ओसरल्यावर सुरू होतं, आणि आमचं तिथं अडलंय. बहुतेक खेळांत संकट संपलं की गाव पूर्ववत होतं. भिंती कोरड्या, लोहार ऐरणीपुढं. पूर लक्षात ठेवायचा तर प्रत्येक माणसाची दोन आयुष्यं लिहावी लागतात, आधीचं आणि नंतरचं. दोन दिनक्रम, दोन प्रकारचं बोलणं, घरातल्या वस्तूंच्या दोन याद्या. आमच्या गावात साठ माणसं आहेत. पैसे देणाऱ्या कंपनीनं कळवलंय की खेळणारा या गावात सरासरी तासभर राहील, तेव्हा पुरानंतरचा भाग गाळा. गाळायच्या यादीत पहिलं नाव एका म्हातारीचं आहे. ती दिवसभर तिच्या कट्ट्यावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास काय?" विचारते. कुणाला तलवार देत नाही, कुठलं काम सांगत नाही. पत्रात सरळ विचारलं होतं, हिचा उपयोग काय?

उपयोग असा, की पुरानंतर तो कट्टा रिकामा असतो. कुणी काही बोलत नाही, संगीत वाजत नाही. आठ दिवस तुम्ही तिथून जाता आणि कुणी "जेवलास काय?" म्हणत नाही. मग चाचणीतली पोरं आपणहून गावभर विचारत सुटतात, आक्का कुठं गेल्या? कुणी सांगतं शाळेत छावणी आहे तिथं बघा, कुणी सांगतं लेकीनं नेलं इचलकरंजीला. ती खेळात परत येते की नाही, हे मी ठरवू शकलेले नाही. परत आली तर आत्ताच मी ज्याला हसले तेच होईल, सगळं पूर्ववत. नाही आली तर ते दुःख मी मुद्दाम रचल्यासारखं होईल. खऱ्या गावात काहीजण परत आले, काहींनी वर घर बांधलं, काहीजण लेकाकडं गेले ते गेलेच, आणि त्यांची घरं कुलूप लावून उभी आहेत. तुमच्यापैकी काहींनी तीच कुलपं काल येताना उघडली असतील.

दोघांत तडजोड म्हणून मी त्यांना लिहिलंय की माझी रात्रीची बाजारपेठ काढून टाका, तिसरी गल्ली आतून बंद ठेवा, घरांची नुसती दारं दाखवा, पण पुरानंतरचे पंधरा दिवस राहू द्या. पुढच्या महिन्यात बैठक आहे. नुसतं "राहू द्या" म्हणून चालणार नाही, ते पंधरा दिवस माझ्याकडं तासातासानं लिहिलेले पाहिजेत. माझ्याकडं ते नाहीत. मी तेव्हा इथं नव्हते, आणि टीव्हीवाले पाणी उतरलं की निघून गेले.

म्हणून आज मी आले ती तुमच्याकडं मागायला. पाणी उतरल्यावर तुमच्या गल्लीत पहिलं दार कुणाचं उघडलं? चिखल आधी बाहेर काढला की आधी देव उचलले? गिरणी कितव्या दिवशी सुरू झाली, आणि भिजलेल्या धान्याचं काय केलंत? आगारातून पहिली एसटी सुटली तेव्हा तिच्यात कोण बसलं होतं, का ती मोकळीच गेली? पोरांची भिजलेली पुस्तकं कुठं वाळत घातली होती? वास किती दिवस राहिला आणि जाण्यासाठी काय काय केलंत? पहिल्यांदा कोण आणि कशावरून हसलं? बारीक गोष्ट असली तरी चालेल, उलट तीच पाहिजे. नावं घालणार नाही, वेळा मात्र घालीन.

पंगत मांडलेली दिसतेय आणि संयोजक हात करतायत. जेवण झालं की मी त्या मागच्या वर्गात वही घेऊन बसते. पंख्याखालचा बाक बाईंसाठी ठेवलाय. बाई, तुम्ही घाटाजवळ राहता, तुमच्यापासून सुरुवात करू.